त्यांनीच खणलेल्या खड्ड्यात मी मुरूम बघितला

बावीस वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला आहे. वाळू थराथरानं ठोकली नाही तर साचा बसतो, हे नव्या पोरांना रोज ओरडून सांगतो. आणि स्वतःचं घर न ठोकलेल्या भरावावर बांधलं.

शहराच्या कडेला दीड गुंठ्याचा प्लॉट. बघायला गेलो तर पुढच्या कोपऱ्यात चार फुटी खड्डा आधीच खणून ठेवलेला. एजंटनं मला आत उतरवलं, हातात पहार दिली. ‘मारा दादा.’ मारली. खण्ण आवाज, हात झिणझिणले. लालसर, कडक मुरूम. ‘चार फुटांवर मुरूम लागलाय, तीन मजले चढवा.’ मी खूश. पहार दुसरीकडं मारून बघावी असं सुचायच्या आत त्यानं ती हातातून घेतलीपण.

सॉइल टेस्टचा रिपोर्ट त्यानंच ‘आपल्या माणसाकडून’ करून दिला. पंधरा हजार गेले. छान बाइंडिंग केलेली फाइल, मी कौतुकानं कपाटात ठेवली. कॉन्ट्रॅक्टरही त्याच्याच घरोब्यातला. फुटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या पायाची खणाई झाली त्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला. संध्याकाळी येतोय तोवर सगळ्या खड्ड्यांत तळाचं काँक्रीट, पीसीसी, पडलेलं. ‘काम फास्ट आहे हं तुमचं,’ असं मीच त्याला म्हणालो.

२०२२ च्या अक्षय तृतीयेला वास्तुशांत केली. पहिला पावसाळा गुपचूप गेला. दुसऱ्यात हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघाली, पायऱ्या पायऱ्यांनी तिरकी वर चढलेली. मग मागच्या बाथरूमचं दार लागेना. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, प्लास्टर ताणलंय. एजंट म्हणाला, काळ्या मातीचा गुणच तो, आपोआप मिटेल.

पुतण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे एक सर येऊन बघून गेले. त्यांनी भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पीओपीनं चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली. म्हणाले, काळी माती वाळली की भेग उघडते, भिजली की मिटते. खचण्याची भेग मिटत नाही, रुंदच होत जाते. एकोणिसाव्या दिवशी, भर पावसात, पट्टीचे दोन तुकडे झाले.

मग पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली. शेजारशेजारच्या दोन कॉलमांत साडेतीन मीटर अंतर. आरसीसी घराला तेवढ्यात साधारण सव्वापाच मिलिमीटर फरक चालतो. आमच्यात ३८ निघाला. घर सगळीकडं सारखं बसलं असतं तर एवढं फाटलं नसतं. पुढचा कोपरा खऱ्या मुरमावर अडून राहिला आणि बाकीचं त्याच्यापासून तुटत खाली चाललं. मला दाखवलेला तोच कोपरा!

मागच्या बाजूला हाताच्या ऑगरनं, म्हणजे मातीच्या गिरमिटानं बोअर मारला. वरचा फूटभर मुरूम. खाली विटांचे तुकडे, प्लास्टिक, टाइल्सचा राडारोडा. अकरा फुटांवर निळसर काळा, घाण वास मारणारा गाळ, बोटात दाबला की पाणी सुटणारा. शेजारच्या वस्तीतल्या आज्जी बघायला आल्या होत्या. ‘हितं वीटभट्टीची खाण हुती की रं, म्हशी डुंबायच्या. तुला कुणी सांगितलं न्हाई?’ नंतर गूगल अर्थवर जुन्या सालची चित्रं काढली, तर माझ्या हॉलच्या जागी हिरवं डबकं. सातबाऱ्यावर खड्ड्याची खोली लिहिलेली नसते, पण हे फुकटात दिसत होतं.

दीड वर्ष काहीच का झालं नाही, हे सरांनी समजावलं. वाळूवर वजन आलं की ती लगेच बसते. चिकण गाळात पाणी अडकलेलं असतं. सुरुवातीला वजन ते पाणीच पेलतं, आणि बारीक छिद्रांतून ते निघून जाईल तसतसा गाळ दबत जातो. टेरझागी नावाच्या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात याचं गणित मांडलं. थर दुप्पट जाड असला तर वेळ चौपट लागतो. गाळाला घाई नसते, आणि हा वेळ कुणाच्या पथ्यावर पडतो ते ओळखा. घर बोलायला लागेपर्यंत चेक वटलेला असतो आणि कॉन्ट्रॅक्टरनं नंबर बदललेला असतो.

मग कपाटातली फाइल काढली. दोन बोअर, दोन्हींत एन व्हॅल्यूचे आकडे तंतोतंत सारखे. हा आकडा म्हणजे ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडून, नळी मातीत ठराविक खोल जायला लागलेले ठोके. दोन जागी प्रत्येक खोलीला सारखेच कसे येतील? पाणी ‘आढळले नाही’. मला सर्वांत झोंबली ती तारीख. सांगलीहून मशीन आणून २४ जुलै २०२१ ला बोअर मारले म्हणे. त्या दिवशी पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर होतं आणि वाहतूक बंद होती. मला फाउंड्रीत जाता येत नव्हतं, आणि यांचं मशीन आलं? फाइल तीन वर्षं घरात होती. उघडली असती तर पहिल्याच पानावर सापडलं असतं. पंधरा हजारांचा कागद घेताना रिग, म्हणजे बोअरचं मशीन, जागेवर आल्याचा फोटो आणि काढलेल्या मातीचे नमुने मागायचे असतात, हेही तेव्हाच कळलं. मी फक्त बाइंडिंग बघितलं होतं.

फायलीची झेरॉक्स जोडून ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, तारखा पडतायत. पाया खालून धरायचा खर्च ऐकून मंडळी दोन दिवस बोलली नाहीत.

परवा रविवारी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एक जोडपं आलं होतं, लहान पोरगी कडेवर. कोपऱ्यात नवा कोरा खड्डा, आत एजंटचा पोरगा, हातात पहार. मी गेटवरची माझी पहार घेतली आणि कुंपण ओलांडून गेलो. म्हटलं, ‘पाहुणं, तिथं नको. या, मधोमध खणून दाखवतो.’