हायब्रिड सोलर संच: नाशिकमध्ये बॅटरी कोणी घ्यावी?

नाशिकच्या बाजारात सध्या एक ठरलेला संच दाखवला जातो: ५५० वॅटची ६ पॅनेल, ३ किलोवॅटचा हायब्रिड (पॅनेल, बॅटरी आणि ग्रीड तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. मालात खोट नाही. पण दिवसा ऊन आणि रात्रभर बॅटरी, असं जे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवतात, त्याचा हिशेब बसत नाही.

बॅटरी कागदावर ५.१ युनिटची. तळाचे १० टक्के राखून आणि इन्व्हर्टरमधली घट धरून हाती सव्वाचार युनिट येतात. तीन पंखे, दिवे, वायफाय, टीव्ही आणि फ्रिज मिळून सरासरी ४०० वॅट धरले, तर दहा तास निघतात. दीड टनाचा एसी लावला की तीन तासांत खडखडाट.

बॅटरीचं खरं काम बघायचं तर बेटांकडे बघावं. मालदीवमध्ये देशभर जोडणारी ग्रीडच नाही, वस्तीच्या बेटांवर आपापली डिझेल पॉवरहाऊस आहेत. अशा छोट्या ग्रीडवर सोलर वाढलं की एका ढगाने उत्पादन काही सेकंदांत कोसळतं, डिझेल जनित्राला तेवढ्या चपळाईने भार उचलता येत नाही आणि फ्रिक्वेन्सी घसरते. बॅटरी असते ती एवढी खिंड लढवायला. पॅसिफिकमधल्या पालाऊ या बेटांच्या देशाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात पॅनेल १५.३ मेगावॅटची आणि बॅटरी १२.९ मेगावॅट-तासांची. म्हणजे पॅनेल पूर्ण जोरात असतील तर तासाभराचंही उत्पादन तिच्यात मावत नाही. रात्र काढायचा बेत तिथेही नाही.

आपल्याकडे ही खिंड महावितरणची ग्रीड लढवते. नेट मीटर (घेतलेली आणि ग्रीडला दिलेली वीज मोजणारा) असेल तर दुपारचं जादा युनिट बिलात वळतं होतं. तेच बॅटरीत घालून रात्री काढलं तर १० ते १५ टक्के वाटेतच जातं. शिवाय केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतले अनुदानाचे जास्तीत जास्त ७८,००० रुपये पॅनेलच्या क्षमतेवर मिळतात, बॅटरीवर दमडी नाही. म्हणून इंदिरानगर, गंगापूर रोडच्या बंगलेवाल्यांनी साधा ऑन-ग्रिड (बिनबॅटरीचा, ग्रीडला जोडलेला) संच घ्यावा. लाईट गेली की तो भर उन्हातही बंद पडतो, हे मात्र धरून चाला. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था आहे. वारंवार लाईट जाणारी मळ्यातली घरं आणि दवाखाने यांना हायब्रिडचे पैसे वसूल होतात.

बसवताना सगळ्यात जास्त घोळ डीबीत (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीत) होतो. बॅकअपचा फेज वेगळा काढतात आणि न्यूट्रल जुन्याच पट्टीवर ठेवतात. मग ग्रीड असताना आरसीसीबी (करंटची गळती दिसली की पडणारा स्विच) उगाच पडतो आणि लाईट गेली की बॅकअपवरची उपकरणं चालत नाहीत किंवा व्होल्टेज डोलतं. बॅकअपसाठी वेगळी न्यूट्रल पट्टी हवीच. शेवटचा हप्ता देण्याआधी मेन स्विच पाडून, सगळा बॅकअप चालू करून बघा. बोअरची मोटर त्यात घेऊ नका: १ एचपीची मोटर चालताना अकराशे वॅटच्या आसपास खाते, पण सुरू होताना पाच-सहापट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बसतो.

दुसरी गोष्ट बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली कम्युनिकेशन केबल. दोन वेगळ्या कंपन्यांचा माल जोडताना पिनची रचना जुळत नाही, तेव्हा काही जण केबल लावतच नाहीत आणि इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टेजवरून चार्ज ओळखायला बसतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज मधल्या सगळ्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं. त्यामुळे पडद्यावर ५० टक्के दिसत असताना बॅटरी अचानक मान टाकते. इन्व्हर्टरच्या यादीत तुमच्या बॅटरीचं मॉडेल आहे का, हे ऑर्डरआधी लेखी घ्या.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवू नका. नाशिकचा एप्रिल-मे ४० अंशांना टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि ठरावीक तापमानापुढे बॅटरीचं बीएमएस (आतलं नियंत्रण सर्किट) चार्जिंग रोखतं. जिन्याखालची हवेशीर जागा बरी.

पॅनेल टाकीच्या उत्तरेला लावत असतील तर टेप घेऊन उभे राहा. डिसेंबरात नाशिकला भर दुपारीही सूर्य ४६-४७ अंशांवरच असतो. ४ फुटी टाकीची सावली पावणेचार फूट पडते, सकाळी नऊला तिच्या जवळजवळ अडीचपट.