रिकामं मशीन फिरवून दाखवलं आणि ४,९५० रुपये घेऊन गेला

आमच्या जुळे सोलापूरच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. उजनी धरण भरलेलं असलं तरी त्यात फरक पडत नाही. त्यामुळे पाण्याच्या दिवशी घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. टाकी, पिंप, बादल्या, घागरी आणि साठलेले सगळे कपडे, सगळं त्याच सकाळी. हे आधी सांगते, कारण मी फसले ती याच घाईत.

भाड्याचं घर सोडून आम्ही स्वतःच्या घरात आलो, त्याला तेव्हा महिना झाला होता. फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन जुन्या घरातून टेम्पोनं आणलं आणि हमालांनी मोरीजवळ ठेवलं तसंच राहिलं. पहिल्या आठवड्यापासून ते स्पिनला लागलं की थरथरायचं. त्या दिवशी मात्र ते चालायलाच लागलं. धाडधाड आवाज करत हातभर पुढं आलं आणि पाणी सोडायचा पाइप ताणला गेला. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "काय गं, मिक्सरमध्ये दगड घातलास का?"

मी काय केलं, तर ओल्या हातानं मोबाइल घेतला, कंपनीचं नाव आणि "सर्व्हिस सेंटर सोलापूर" असं टाकलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन लावला. कंपनीचा खरा नंबर मशीनच्या मागच्या स्टिकरवर होता, वॉरंटीच्या पुस्तकातही होता. पुस्तक कपाटात, मशीन समोर. दोन्हीकडं बघितलं नाही.

तासाभरात एक मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, बोलायला गोड. "ताई, काळजी करू नका, आपलंच काम आहे." त्यानं दार उघडून आतला ड्रम हातानं दाबला. ड्रम खाली गेला, वर आला. "बघा, किती हलतोय! सस्पेन्शन बसलंय पूर्ण. असंच चालवलं तर मोटर जाईल."

मला तो ड्रम खरंच हलताना दिसला. आता कळतं की तो हलायलाच हवा. फ्रंट लोडचा ड्रम वर स्प्रिंगला टांगलेला असतो आणि खालून त्याला डँपर, म्हणजे शॉक ॲब्झॉर्बर, धरून ठेवतात. दाबून सोडल्यावर तो एखाद्या हेलकाव्यात शांत झाला तर डँपर ठीक आहेत. पाळण्यासारखा हलतच राहिला तर शंका घ्यावी. आमचा एका हेलकाव्यात थांबला होता, माझ्या डोळ्यांदेखत. पण कुठं बघायचं तेच मला माहीत नव्हतं.

मग त्यानं मला कामाला लावलं. जुनं फडकं आणा, पाणी द्या, टॉर्च आहे का, मेन स्विच कुठला. आमचे हे ऑफिसला, सासूबाई देवपूजेत. मी परत येईपर्यंत मागचं झाकण उघडून बंदही झालं होतं. हातात तेलकट काळे दोन दांडे. "हे बघा, तुमचे जुने." मी म्हटलं, राहू देत इथंच. तर म्हणाला, "नाही ताई, कंपनीला जमा करावे लागतात." वीस मिनिटांत सगळं झालं. शेवटी पायांखाली रबरी पॅड घातले आणि स्पिन लावून दाखवलं. मशीन जागचं हललं नाही. मी तर खूश!

ड्रम रिकामा होता. रिकामं मशीन कशाला हलेल?

दोन डँपरचे ३,२००, बेअरिंगला ऑइलिंग ६००, पॅड ८००, येण्याचे ३५०. एकूण ४,९५०. यूपीआय केलं ते कुणाच्या तरी खासगी नावावर गेलं, तेही नंतर बघितलं. बिल म्हणून पावती पुस्तकातला कागद, त्यावर ना पत्ता ना जीएसटी नंबर. "सहा महिने गॅरंटी" एवढं मात्र ठळक अक्षरात.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मशीन परत चाललं, या वेळी पॅडवरून घसरून. फोन केला तर "तक्रार नोंदवलीय मॅडम". तिसऱ्या दिवसापासून नंबर बंद.

मग वॉरंटी पुस्तक काढलं. कंपनीचा खरा माणूस आला, वयानं पोक्त, कमी बोलणारा. त्यानं झाकण काढून मलाच आत टॉर्च मारायला लावला. दोन्ही डँपर मूळचेच. त्यांच्यावर कपड्यांच्या तुसाचा करडा थर जसाच्या तसा, बोटाचा ठसासुद्धा नाही. बेअरिंगला बाहेरून ऑइलिंग असं काही करतच नाहीत म्हणे. ते जातं तेव्हा ड्रम हातानं फिरवला तरी घरघर ऐकू येते.

नंतर त्यानं मशीनचे समोरासमोरचे कोपरे तिरके दाबले. डुगडुगलं. मोरीकडं पाणी वाहावं म्हणून फरशीला उतार दिलेला, आणि मशीनचे दोन पाय बरोबर त्या उतारावर. त्यात एका पायाचा नट ढिला, बहुतेक टेम्पोतच झाला असावा. मशीन फूटभर मागं सपाट फरशीवर घेतलं, वर लेव्हल, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, ठेवून बुडबुडा मध्ये येईपर्यंत पाय फिरवले, मग पान्यानं नट वर बॉडीला टेकवून आवळले. हा नट आवळला नाही तर थरथरीनं पाय पुन्हा फिरतो. पॅड त्यानं काढूनच ठेवले. तासभरही लागला नाही. भेटीचे ५५० घेतले, छापील पावती दिली.

जाताना विचारलं, "यात काय धुता?" मी म्हटलं, त्या दिवशी सोलापुरी चादर होती. "एकटीच?" एकटीच. तो पहिल्यांदा हसला. आपली चादर ओली झाली की दोन हातांना आवरत नाही. ड्रममध्ये एकटी टाकली की गोळा होऊन एका बाजूला बसते. पॉलिटेक्निकला शिकवणाऱ्या माझ्या भावानं नंतर कागदावर हिशेब मांडला. मध्यापासून पाव मीटरवर एक किलो भार एका अंगाला राहिला आणि ड्रम मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी फिरला, तर ओढ सुमारे ४०० किलो वजनाइतकी. म्हणूनच मशीन आधी हळू फिरून कपडे पसरवायला बघतं. आमच्या मशीनला डुगडुगत्या पायांवर ते जमत नव्हतं. आता चादरीबरोबर दोन-तीन टॉवेल टाकते. ड्रम ठासून भरणं मात्र सोडलं, मग पाण्याच्या दिवशी तीन खेपा झाल्या तरी चालतील.

तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. पहिला प्रश्न आला, बिल कुणाच्या नावाचं आहे? कुणाच्याच नाही. ऑनलाइन पैसे गेले म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवरही नोंद केली, पण मला जाग यायला आठवडा उलटून गेला होता. तोवर ते पैसे खात्यात कशाला राहतात! हे म्हणतात, पैसे देण्याआधी मला एक फोन केला असतास तर. केला असता तर यांनीही दिलेच असते, गॅरंटी वाचून.

ते ८०० रुपयांचे चार पॅड सासूबाईंनी गव्हाच्या कोठीखाली लावलेत. कोठी अजून तरी जागची हललेली नाही.