इट्राकोनाझोलचं संदर्भ मानक: पूड उत्तम, झाकण वैताग
इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध; संदर्भ मानक म्हणजे चाचणीत तुलनेसाठी वापरायचा त्याचा प्रमाणित नमुना. स्थिर विद्युतामुळे ही पांढरी पूड झाकणाला आतून चिकटून बसते. कुपीला दोन टिचक्या मारल्याशिवाय उघडलीत, तर मोलाचा माल हातमोज्यावर! बाकी तक्रार नाही. इट्राकोनाझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही; मिथेनॉल आणि टेट्राहायड्रोफ्युरानच्या मिश्रणात मात्र द्रावण काचेसारखं नितळ झालं. एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) सहा इंजेक्शनं दिली, सहाही वेळा आलेखात पीक, म्हणजे उंचवटा, एकच आणि शेपटीविना. प्रमाणपत्रात शुद्धतेचा आकडा पूड 'आहे तशी' (ओलाव्यासकट) वापरताना धरायचा की वाळवून, हे ठळक छापलंय. आधीच्या पुरवठादाराने नेमकं तेच गाळलं होतं आणि माझा अख्खा शनिवार फेरगणितात गेला होता. लेबलवरचा बॅच नंबर मात्र भिंगाशिवाय वाचून दाखवा.