प्रबंध: आधी आराखडा की आधी लिखाण?

भाचीची पीएचडी मराठीत, दलित आत्मकथनांवर. तिसरं वर्ष संपत आलंय आणि विचारते, "मामा, आधी प्रकरणांचा आराखडा पक्का करू, की सुचेल तिथून लिहायला घेऊ?"

वेळेचं बघू. आराखड्यात महिना जातो आणि हाती एक पानही नसतं, ते जिवावर येतं. पण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रवेशापासून कमाल ६ वर्षं मिळतात. शेवटच्या वर्षी प्रकरणं इकडची तिकडे करत बसणं परवडत नाही.

मार्गदर्शकांच्या बाबतीत आराखडा सरळ जिंकतो. दोन पानं सर चहा पिता पिता वाचतात. चाळीस पानांचं कच्चं प्रकरण महिनाभर टेबलावर पडून राहतं.

विचार स्पष्ट होण्यासाठी मात्र लिखाणच हवं. 'प्रकरण ४: भाषा' असं मांडून मोकळं होता येतं. पाच पानं लिहिली की कळतं, बोलीचा मुद्दा तिसऱ्या प्रकरणातल्या गावकुसाच्या वर्णनातच आलाय. चौथ्यात उरलं काय? (शोधगंगेवरून, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरून, उचललेल्या अनुक्रमणिकेला मी आराखडा मानत नाही.)

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी लिहिणाऱ्याने आधी आराखडाच करावा, नाहीतर दर आठवड्याला धागा सुटतो. टिपणांचा ढीग आहे पण आपलं म्हणणंच सापडत नाही, त्याने आधी लिहावं. भाची दुसऱ्या गटातली. तिला म्हटलं, सगळ्यात जवळचं आत्मकथन घे, वीस पानं लिही, मग आराखडा घेऊन ये.