मॉन्स्टर हंटर राइज : पंचवटी एक्स्प्रेसमधले सात महिने

मॉन्स्टर हंटर राइज हा अजस्र प्राण्यांच्या शिकारीचा व्हिडिओ गेम मी गेल्या जूनमध्ये घेतला. तेव्हापासून खेळाची नोंद सव्वातीनशे तासांच्या पुढे गेली आहे. त्यातले निम्म्याहून अधिक तास नाशिकरोड ते मुंबई या प्रवासात, पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसून, निन्टेंडोचा स्विच हा छोटा कन्सोल हातात धरूनच खेळलेले आहेत. हे आधीच सांगतो, कारण हा गेम आता पीसीवर आणि मोठ्या कन्सोलवरही मिळतो आणि तिथे तो अधिक देखणा दिसतो. मी मात्र त्याची पारख हातात मावणाऱ्या यंत्रावरचा गेम म्हणून केली आहे आणि पुढचे सगळे लिखाण त्याच अंगाने आहे.

या मालिकेशी माझी ओळख २००९ सालची. फ्रीडम युनाइट हा भाग तेव्हा जपानबाहेर आला आणि मी तो पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या हातात मावणाऱ्या यंत्रावर, खेळलो. मूळ गेम २००४ साली प्लेस्टेशन २ वर निघाला होता, पण जपानमध्ये त्याचे वेड पसरले ते पीएसपीमुळे. चार जण चार यंत्रे घेऊन एका टेबलाभोवती बसले की शिकार सुरू होत असे. पीएसपीला ॲनालॉग, म्हणजे अंगठ्याने सरकवायचा दांडा, एकच होता आणि तोही डाव्या बाजूला. त्यामुळे डाव्या अंगठ्याने शिकाऱ्याला पळवायचे आणि त्याच हाताची तर्जनी वाकवून वरच्या दिशेच्या बटणांनी कॅमेरा फिरवायचा, अशी पकड खेळाडूंनी शोधून काढली होती. तिला ‘क्लॉ’ म्हणत. तासाभराने बोट आखडत असे, तरी आम्ही खेळत होतो. शिवाय रानाचे लहान लहान तुकडे पाडलेले असत, एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना लोडिंग होई आणि औषध प्यायल्यावर शिकारी दंड फुगवून जागच्या जागी उभा राही. तेवढ्यात समोरचा प्राणी त्याला उडवून देई.

जानेवारी २०१८ मध्ये मॉन्स्टर हंटर वर्ल्ड आला आणि हे सारे बदलले. अख्खा नकाशा सलग झाला, चालता चालता औषध पिता येऊ लागले, प्राणी आपसांत झुंजू लागले. तो भाग घरातल्या मोठ्या टीव्हीसाठी होता. सप्टेंबर २०२० मध्ये स्विचसाठी राइज जाहीर झाला, तेव्हा चाहत्यांच्या अपेक्षा सरळ दोन दिशांना गेल्या. काहींना खिशात मावणारा वर्ल्ड हवा होता, तर काहींना पीएसपीच्या काळातला आटोपशीर, वेगवान गेम परत हवा होता. मी पहिल्या बाजूचा होतो, आणि इतक्या उशिरा गेम घेतला तरी मनात तीच अपेक्षा धरून घेतला. आज मला वाटते की ती अपेक्षाच चुकीच्या जागी होती.

पहिल्या आठवड्यात मी सतत तुलना करत राहिलो. वर्ल्डच्या रानातली गर्द झाडी इथे नाही, पाण्याची आणि सावल्यांची कारागिरी साधी आहे, आणि स्विचवर गेम सेकंदाला ३० फ्रेमच्या गतीने चालतो. दुसऱ्या आठवड्यानंतर यातले काहीही माझ्या लक्षात येईनासे झाले. लक्षात येऊ लागला तो वेळेचा हिशेब. एका मोहिमेची मुदत पन्नास मिनिटांची असते, पण हात बसल्यावर बहुतेक मोहिमा बारा ते वीस मिनिटांत संपतात. नाशिकरोड सोडल्यापासून इगतपुरी येईपर्यंत माझ्या दोन मोहिमा होतात. मध्ये कोणी तिकीट विचारायला आले किंवा शेजारच्या काकांना वाट द्यायची असली, तर एकट्याने खेळताना मेनूतून गेम थांबवता येतो. हा ठोकताळा योगायोगाने जमलेला नाही. या गेमचे दिग्दर्शक यासुनोरी इचिनोसे यांनी पूर्वी पीएसपीवरचे भाग केलेले आहेत, आणि प्रवासात, मधल्या सुट्टीत, झोपण्यापूर्वी खेळणाऱ्या माणसाच्या हाताशी वेळ किती असतो याची जाण राइजच्या रचनेत जागोजाग दिसते.

पालाम्यूट हा स्वारीचा कुत्रा याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. त्याच्या पाठीवर बसून धावता येते आणि धावता धावताच हत्याराला धार लावता येते, औषध पिता येते. पूर्वी प्रत्येक शिकारीतली तीन-चार मिनिटे नुसती चालण्यात आणि धार लावण्यात जात. ती इथे वाचतात. वायरबग हा दुसरा मोठा बदल. या किड्याच्या रेशमी दोरीने शिकारी हवेत झेप घेतो, कड्यावर चढतो आणि प्राण्याचा फटका बसून फेकला गेला असताना हवेतच सावरून पुन्हा पायांवर येतो. साधारणपणे असे दोन वायरबग जवळ असतात, तिसरा रानात सापडला तर काही काळापुरता मिळतो आणि एकदा वापरलेला वायरबग परत भरायला वेळ लागतो. दोन्ही वायरबग हल्ल्यात खर्च केले, तर पुढचा फटका बसल्यावर सावरायला काहीच उरत नाही. मला हे समजायला महिना लागला आणि समजल्यावर मग्नामालो या वाघासारख्या मुख्य प्राण्याशी माझी झुंज पूर्णपणे बदलली.

जुन्या चाहत्यांची एक तक्रार मी बराच काळ मनात घोळवली. पीएसपीच्या काळी प्राणी शोधावा लागे आणि सापडल्यावर रंगाचा गोळा फेकून त्याची जागा नकाशावर उमटवावी लागे. वर्ल्डमध्ये पावलांचे ठसे आणि ओरखडे गोळा करत माग काढावा लागे. राइजमध्ये मोठे प्राणी कुठे आहेत ते नकाशावर पहिल्यापासूनच दिसते. शिकार या शब्दातली माग काढण्याची गोडी त्यामुळे कमी झाली, हे मला मान्य आहे, आणि रविवारी घरी निवांत खेळताना ती उणीव मला खरोखर जाणवते. गाडीत मात्र ती कधीही जाणवली नाही. तिथे मला शोधाशोध नको असते, झुंज हवी असते.

माझे हत्यार हंटिंग हॉर्न. हे अवजड वाद्य आहे. ते प्राण्याच्या डोक्यावर आदळायचे आणि त्याच वेळी त्यातून सूर काढून स्वतःचे व सोबत्यांचे बळ वाढवायचे. जुन्या भागांत सुरांचा क्रम पाठ करावा लागे, मग वेगळ्याने ते वाजवावे लागत, आणि वाजवताना उघड्यावर उभे राहण्याचा धोका पत्करावा लागे. राइजमध्ये प्रत्येक घाव म्हणजे एक सूर आहे आणि तोच सूर लागोपाठ दोनदा लागला की त्याचा परिणाम आपोआप सुरू होतो. शिवाय तिन्ही सूर एकदम वाजवण्याचीही सोय आहे. हे वाद्य वर्षानुवर्षे वाजवणाऱ्यांना हा बदल बोचला आणि पहिले काही दिवस मलाही तो बोचला. डोक्यात सुरांची जुळणी करत प्राण्याच्या हालचालीचा अंदाज बांधण्यात जे कसब होते, ते इथे राहिलेले नाही. दुसरीकडे, पूर्वी ज्या हत्याराकडे फार कमी लोक वळत, ते आता धावत, फिरत, सतत घाव घालत वापरता येते आणि हलत्या गाडीत, अर्धे लक्ष खांद्यावरच्या बॅगेत असताना, याची किंमत कळते. तरीही पुढच्या भागात जुनी पद्धत पर्याय म्हणून ठेवावी, असे मला मनापासून वाटते. चौदा हत्यारांपैकी हे एकच हत्यार असे होते, की ज्यात सोबत्यांसाठी खेळणे हेच मुख्य काम होते.

सोबत्यांचा विषय निघालाच आहे, तर या सात महिन्यांतला सर्वांत आनंदाचा भाग सांगतो. इंटरनेटवरून चार जण मिळून शिकार करता येते, पण इगतपुरी ओलांडून थळ घाटातले बोगदे लागले की नेटवर्क जाते, सोबतचे तिघे एका क्षणात नाहीसे होतात आणि चवताळलेल्या प्राण्यासमोर मी एकटा उरतो. दोन-तीनदा असे झाल्यावर मी घाटात एकट्यानेच खेळू लागलो. सप्टेंबरमध्ये इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने स्विच घेतला आणि तेव्हा गेममधल्या लोकल वायरलेसचा खरा उपयोग कळला. यात इंटरनेट लागतच नाही. जवळजवळ बसलेली यंत्रे थेट एकमेकांशी जोडली जातात. एका रविवारी ताईच्या घरी संध्याकाळी वीज गेली, वायफायही गेले, आणि आम्ही अंधारात टेट्रानाडोन या कासवासारख्या प्राण्यामागे धावत राहिलो. ताई मेणबत्ती घेऊन आली तेव्हा भाचा “मामा, शिंग वाजव, शिंग वाजव” म्हणून ओरडत होता. एकत्र खेळताना प्राण्याचे बळ खेळाडूंच्या संख्येनुसार बदलते, त्यामुळे दोघांची शिकारही नीट तोलली जाते. पीएसपीच्या दिवसांत चार टाळकी एका टेबलाभोवती बसण्यात जी मजा होती ती मला इथे पुन्हा मिळाली. हातातल्या गेमकडून माझी पहिली अपेक्षा काय असावी, तेही मला त्याच संध्याकाळी स्पष्ट झाले.

आता जे खटकले ते. रानात स्पिरिबर्ड नावाचे लहान पक्षी आहेत. हिरव्या पक्ष्याने जीव वाढतो, लालने घावाचे बळ, नारिंगीने बचाव आणि पिवळ्याने दम. ही वाढ त्या मोहिमेपुरतीच टिकते, म्हणजे प्रत्येक वेळी पक्षी नव्याने गोळा करायचे. सुरुवातीला त्या निमित्ताने नकाशा ओळखीचा होतो, पण पन्नासाव्यांदा त्याच कड्यांवरून तीच फेरी मारताना कंटाळा येतो. पालाम्यूटने वाचवलेली मिनिटे हे पक्षी परत घेतात, आणि ज्या गेमने वेळेचा इतका नेमका विचार केला आहे त्यात हे विसंगत वाटते. दुसरी गोष्ट रॅम्पेजची. गावाच्या वेशीवर तोफा आणि मोठी धनुष्ये मांडून प्राण्यांच्या लाटा थोपवायच्या, अशा या मोहिमा लांबतात, एकट्याने खेळताना धांदल उडते आणि मालिकेचा जो गाभा, म्हणजे एका प्राण्याला निरखून त्याच्या सवयी ओळखणे, तो त्यात सापडत नाही. सनब्रेक या जून २०२२ मधल्या विस्तारात नव्या रॅम्पेज मोहिमा ठेवलेल्याच नाहीत, ते योग्य झाले. मेनूतली अक्षरेही लहान आहेत. शस्त्रागारातल्या कौशल्यांचे बारीक तपशील मी चालत्या गाडीत वाचणे सोडून दिले आहे आणि चिलखताची जुळवाजुळव घरीच करतो.

ज्यांनी हा गेम मार्च २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी घेतला, त्यांची निराशा मला समजते. तेव्हा कथेचा शेवट गेममध्ये नव्हताच. तो मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या अपडेटमध्ये मिळाला. मी उशिरा आल्यामुळे मला सगळे एकसंध खेळायला मिळाले, तरी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत देणाऱ्याला पूर्ण कथा मिळायला हवी होती.

चित्र आणि संगीत जपानी लोककथांच्या अंगाने जाते. छत्रीसारखा तुरा उभारून एका पायावर उभा राहणारा आक्नोसोम तिथल्या छत्रीच्या भुतावरून घेतला आहे, टेट्रानाडोन कप्पा या पाण्यातल्या भुतावरून. प्रत्येक प्राणी पहिल्यांदा समोर येतो तेव्हा एक कथेकरी सूर लावून त्याची ओळख करून देतो, आणि ते ऐकताना मला आपल्याकडचा शाहीर आठवला.

सनब्रेक मी ऑक्टोबरमध्ये घेतला आणि त्यातली सोबत्यांची योजना मला फार आवडली. गावातले ओळखीचे शिकारी काही मोहिमांत आपल्याबरोबर येतात, वेळेवर औषधाची मदत करतात, सापळे लावतात. घाटात नेटवर्क नसतानाही आता मी एकटा नसतो. विस्तारातले प्राणी अवघड आहेत आणि त्यांतल्या मालझेनोने मला तीन वेळा बेशुद्ध पाडून मोहीम संपवली, असे किमान आठवेळा तरी झाले असेल.

मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या कन्सोलवर आणि पीसीवर आला, त्याच वर्षी जूनमध्ये स्विच २ बाजारात आला, आणि म्हणून हातातल्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे घडवलेल्या पुढच्या भागाची वाट आम्ही सगळेच पाहतो आहोत. नव्या यंत्राची ताकद मोठी आहे, त्यामुळे ‘वाइल्ड्ससारखे दिसले पाहिजे’ ही मागणी आता होणारच. माझी मागणी वेगळी आहे. शिकार वीस मिनिटांत बसावी, पालाम्यूट राहावा, पक्ष्यांची फेरी जावी किंवा निदान तळावरच उरकावी, अक्षरांचा आकार वाढवता यावा आणि माग काढणे ज्याला हवे त्याला निवडता यावे. भाच्याला ही यादी वाचून दाखवली, तेव्हा तो म्हणाला, “मामा, ते सगळं ठीक आहे, पण लोकल वायरलेस काढू नये, हे आधी लिही.” ते खरोखरच पहिले असायला हवे होते.