कर्वेनगरच्या ताईंचं केसांचं सेशन – पैसे का वसूल झाले ते सांगते

आधीच सांगते, हा नुसत्या हेअरकटचा रिव्ह्यू नाहीये. कर्वेनगरमध्ये एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर दोन खुर्च्यांचं छोटंसं पार्लर आहे, तिथल्या ताई केस तर छान कापतातच पण त्याला जोडून दीडेक तासाचं सेशन घेतात, त्यात केस घरी कसे धुवायचे, कसे वाळवायचे, रोज ऑफिसला जाताना कसे बांधायचे हे सगळं तुमच्याच डोक्यावर तुमच्याच हाताने करून घेतात. कटसकट १,५०० रुपये. आई आणि मी दोघी गेलो होतो. सेशनमध्ये त्यांनी एकही बाटली विकली नाही, विकायला काही ठेवलेलंच नाहीये त्यांच्याकडे, आणि हल्ली पार्लरमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या सीरम, मास्क, पॅकेज असं सुरू होतं ना, त्यामुळे हे मला फारच आवडलं.

बसल्यावर पहिला प्रश्न शॅम्पू कुठला नव्हता, "राहतेस कुठे, पाणी कसलं येतं?" हा होता. मी वाघोलीला राहते, आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी, म्हणजे बादलीला, नळाला पांढरे थर बसतात तसलं. ताईंनी केसांमधून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, अगं केस खराब नाहीयेत, त्यांच्यावर क्षार बसलेत. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं, ते केसाच्या पृष्ठभागावर चिकटतं, साबणाबरोबर तर त्याचा चिकट साकाच होतो, म्हणून केस धुतल्यावरही राठ आणि निस्तेज वाटतात आणि मग आपण अजून शॅम्पू ओततो. केसाचा बाहेरचा थर असतो तो कौलांसारखा एकावर एक खवल्यांचा असतो, ती खवलं बसलेली असली की केस चमकतो, उचकटली की एकमेकांत अडकून गुंता होतो. हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढच्या सगळ्या टिप्स आपोआप कळत जातात, पाठ कराव्या लागत नाहीत.

उपाय काय, तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचे घ्यायचे, आणि महिन्यातून एखाद-दोनदा क्षार काढणारा शॅम्पू वापरायचा, चिलेटिंग शॅम्पू म्हणून मागायचा, बाटलीवर मागे ईडीटीए (क्षार पकडून काढणारं रसायन) लिहिलेलं असतं ते बघायचं. पण नुसतं ईडीटीए लिहिलंय म्हणून घेऊ नका हं, ते साध्या शॅम्पूतही थोडं असतं, समोर चिलेटिंग किंवा हार्ड वॉटर असं लिहिलेलं बघा. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली, आरओ मशीनमधून जे वाया जाणारं पाणी बाहेर पडतं ते केसांना वापरू नका, त्यात क्षार उलट जास्त साठलेले असतात. आमच्या सोसायटीत ते पाणी बादलीत साठवून अंघोळीला घेणाऱ्या कितीतरी बायका आहेत, मी येऊन ग्रुपवर लगेच टाकलं. लादी पुसायला ठीक आहे, केसांना नको.

धुण्याबद्दल त्यांचं म्हणणं साधं आहे, शॅम्पू टाळूसाठी आणि कंडिशनर केसांच्या लांबीसाठी. शॅम्पू मगात पाण्यात मिसळून बोटांच्या पेरांनी टाळूवर चोळायचा, नखांनी नाही, खालचे केस चोळायचेच नाहीत, फेस खाली ओघळतो तेवढा पुरतो. कंडिशनर कानाच्या खाली. पाणी कोमट. अंगाचा साबण केसांना अजिबात नको कारण त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा) ९-१० च्या आसपास असतो आणि टाळूचा साधारण ५, त्याने खवलं उघडतात. किती दिवसांनी धुवायचे याचं त्यांनी एकच उत्तर दिलं नाही, हेल्मेट घालणाऱ्यांना, घाम जास्त येणाऱ्यांना दिवसाआड लागू शकतं, माझ्या आईसारख्या घरी असणाऱ्या आणि कोरड्या केसांच्या माणसाला आठवड्यातून दोनदा खूप झालं. शिकेकाईवर आईने विचारलं, कारण ती अजून नागरमोथा, गवला कचोरा घालून दळून आणते. ताई म्हणाल्या काकू जरूर वापरा, शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन नावाचा घटक असतो, त्यानेच फेस होतो आणि मळ निघतो, पण पूड फडक्यातून गाळून फक्त ते पाणी घ्या, भरड कण केसांवर चोळले तर घासले जातात. आई खूश.

तेलावर मात्र वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. आमच्याकडे रविवारी रात्री चप्प तेल लावून वेणी घालून झोपायचं हा नियमच आहे. ताईंचं म्हणणं, खोबरेल तेल चांगलंच आहे पण त्याचं काम काय ते नीट समजून घ्या. खोबरेलात लॉरिक अॅसिड असतं, त्याचा रेणू छोटा आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं, आणि धुण्याआधी लावलं तर धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. यावर २००३ मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांचा पेपरही आहे, त्यात खोबरेलाची मिनरल ऑइल आणि सूर्यफुलाच्या तेलाशी तुलना केली होती आणि प्रथिन फक्त खोबरेलाने वाचवलं होतं. मॅरिको स्वतः खोबरेल विकते हे ताईंनीच सांगितलं, लपवलं नाही, मला ते प्रामाणिक वाटलं. म्हणजे तेल केसांच्या लांबीला लावायचं, धुण्याआधी एक-दोन तास, आणि शेंड्यांना जास्त. तेलाने नवीन केस उगवत नाहीत. आणि कोंडा असेल तर टाळूवर तेल थापायचं नाही, कारण कोंड्याशी संबंधित जी बुरशी असते, मॅलासेझिया, ती तेलकटपणावरच जगते. आईला हे पटलं नाही, "मग आमच्या आज्या काय वेड्या होत्या का" वगैरे झालं, ताई शांतपणे म्हणाल्या काकू, आज्यांनी केस विकतच्या डायने रंगवले नव्हते आणि स्ट्रेटनरही फिरवला नव्हता. माझं मत विचाराल तर आईच्या हातची चंपी मी सोडणार नाहीये, ती झोप काही औरच असते, फक्त आता तेल लावून रात्रभर नाही, दुपारी लावून संध्याकाळी धुते.

कोंड्यासाठी त्यांनी केटोकोनॅझोल २ टक्के असलेला शॅम्पू आठवड्यातून दोनदा, लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा असं सांगितलं, लगेच धुवून टाकला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. महिनाभरात फरक नाही पडला तर स्किनच्या डॉक्टरकडे जा म्हणाल्या.

आता वाळवणं. आपल्याकडे न्हाल्यावर वाकून पंच्याने केस सटासट झटकतात ना, ते बंद. ओला केस सगळ्यात कमजोर असतो, पाण्याने त्याच्या आतले, केसाला आकार देणारे हायड्रोजन बंध सुटलेले असतात, तो ताणला जातो आणि तुटतो. पंचा मात्र उत्तम, जाड टर्किश टॉवेलपेक्षा कितीतरी चांगला, फक्त दाबून पाणी टिपायचं. मग मोठ्या दातांचा कंगवा घेऊन शेंड्यांपासून गुंता सोडवत वर जायचं, वरून खाली खेचायचं नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक चार-पाच वर्षांचं जुनं असतं, एवढी वर्षं ऊन, पाणी, रबरं सोसलेल्या केसाला नवीन केसासारखं ओढून कसं चालेल? आणि टोकं दुभंगली की ती कुठल्याही सीरमने जोडली जात नाहीत, तात्पुरती चिकटतात, कापणं हाच उपाय. माझे त्यांनी दीड इंच कापले, मी जेवढे सांगितले होते तेवढेच, हे लिहायलाच हवं कारण लांब केसांच्या बायकांना माहितीये हे किती दुर्मिळ आहे.

स्टायलिंगचा भाग मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. मी टू-व्हीलरवर खराडीला जाते, हेल्मेटने पुढचे केस चपटे आणि मागे मानेशी गुंत्याचा गोळा. ताईंनी सांगितलं की हेल्मेटच्या आधी मानेजवळ खाली सैल वेणी घालायची, उंच पोनी नाही, डोक्याला आधी पातळ सॅटिनचा रुमाल बांधायचा आणि मग हेल्मेट, आणि केस पूर्ण कोरडे असतील तेव्हाच. ऑफिसला पोचल्यावर भांग नेहमीच्या विरुद्ध बाजूला पाडला की मुळांशी लगेच फुगवटा येतो, पाणी नको स्प्रे नको. इतकं सोपं आहे आणि इतकं छान दिसतं की आमच्या टीममधल्या दोघीतिघींनी उचललंय. रोज एकाच जागी घट्ट बांधू नका हेही होतं, कारण सतत ओढ बसली की कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात आणि बरीच वर्षं तसंच चालू ठेवलं तर मुळं कायमची जातात. घट्ट अंबाडा घालणाऱ्या बायकांचं कपाळ मोठं होत जातं ते बऱ्याचदा यामुळेच. डोकं दुखलं म्हणजे घट्ट झालं, एवढी साधी कसोटी.

अंबाडा तर त्यांनी माझ्याकडून परत परत घालून घेतला, जमेपर्यंत सोडलं नाही. आकडा नुसता आत खुपसायचा नाही, आधी बाहेरच्या बाजूने अंबाड्याच्या थोड्या केसांत अडकवायचा, मग उलटा फिरवून अंबाड्याच्या मध्याकडे टाळूलगत सरकवायचा, की तो लॉक होतो, तीन-चार आकड्यांत दिवसभर अंबाडा हलत नाही. साध्या काळ्या पिनांची नागमोडी बाजू टाळूकडे ठेवायची, कारण केस पकडून ठेवायचं काम तीच करते, आणि ही गोष्ट मला आजवर कोणी सांगितलीच नव्हती! सागरवेणी स्वतःची स्वतः घालायला शिकवली, आरशात न बघता, कारण आरशात हात उलटे होतात. बहिणीच्या साखरपुड्याला मी घातली, गजरा आकड्यांनीच वेणीच्या पेडांत बसवला, संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही.

स्ट्रेटनरला त्यांचा विरोध नाही. केस १०० टक्के कोरडे, उष्णतेपासून वाचवणारं हीट प्रोटेक्टंट लावलेलं, तापमान दीडशे ते १८० अंश, पातळ बट आणि एकदाच सावकाश फिरवायचा. ओल्या केसावर फिरवला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात आणि तिथून तो तुटतो, तो चर्र आवाज येतो ना तो वाफेचाच. ब्लो ड्राय करताना शेवटी थंड हवेचं बटण दाबायचं म्हणजे आकार टिकतो, पण पावसाळ्यात हवेतला ओलावा केसातले तेच हायड्रोजन बंध परत सोडवतो त्यामुळे जुलैत सरळ केसांचा हट्ट धरूच नका, वेणी घाला, असं त्यांचं स्पष्ट मत आणि मलाही ते शंभर टक्के मान्य आहे.

आईचा प्रश्न पांढऱ्या केसांचा होता. ती मध्यंतरी एका दुकानातून सुटी काळी मेहंदी आणायची आणि कानामागे खाज सुटायची. ताईंनी सांगितलं की खऱ्या मेहंदीत लॉसोन असतं, त्याने केस केशरी-तांबडेच होतात, एकटी मेहंदी केस काळे करू शकत नाही, पुडीतून थेट काळा रंग येत असेल तर बहुतेक वेळा त्यात पीपीडी हे डायमधलं रसायन घातलेलं असतं आणि त्याची अॅलर्जी वाढत जाते, चेहरा सुजण्यापर्यंत. कुठलाही डाय आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघायचा, दरवेळी. आईला एकदा खाज आलेली असल्यामुळे त्यांनी तिला रंग लावायला सरळ नकार दिला, आधी डॉक्टरला दाखवा म्हणाल्या. दारात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणं सोपं नसतं, मला त्यांच्याबद्दल तिथे खरा आदर वाटला.

तसंच, आमच्या समोरच एक मुलगी केराटिन, म्हणजे केस सरळ-मऊ करायची ट्रीटमेंट, विचारायला आली, तिला त्यांनी सांगितलं की मी करत नाही, अशा बऱ्याच सोल्युशनमध्ये गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो, तो कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि बंद खोलीत तो मीही दिवसभर श्वासात घेणार. केस मूठमूठ गळतात म्हणणाऱ्या दुसऱ्या एका ताईंना मागच्या दोन-तीन महिन्यांत ताप, डेंगू, बाळंतपण असं काही झालं का विचारलं आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड तपासून घ्यायला सांगितलं. रोजचे पन्नास ते शंभर केस जाणं नॉर्मल आहे हेही.

कमी काय वाटलं तर कुरळ्या केसांबद्दल त्यांना तेवढं येत नाही, माझ्या मैत्रिणीला घेऊन गेले असते तर तिचं समाधान झालं नसतं, तिने कर्ली कट करणाऱ्याकडेच जावं. फॅशन कलरही नाही. बोलतात भराभर, त्यामुळे मोबाईलवर रेकॉर्ड करू का म्हणून विचारून घ्या, त्या नाही म्हणत नाहीत. जिने उंच आहेत, आईला गुडघ्यांमुळे त्रास झाला. गाडी लावायला जागा नाही, वेटिंगला एकच बाकडं, आणि वेळ घेऊन गेलात तरी वीस-पंचवीस मिनिटं बसायची तयारी ठेवा. साडेचार स्टार देतेय, अर्धा त्या जिन्याचा आणि बाकड्याचा कापला.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, आधल्या दिवशी तेल लावून जाऊ नका कारण त्यांना टाळू जशी असते तशी बघायची असते, आणि घरी वापरता तो शॅम्पू, तेल, कंगवा, रबरं, क्लचर सगळं पिशवीत घालून न्या, त्या एकेक हातात घेऊन काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते सांगतात. माझी बारीक दातांची फणी आणि धातूचा जोड असलेली रबरं तिथेच कचऱ्याच्या डब्यात गेली.