रविवारचा लाँग रन: कालव्याच्या भरावावर की नदीकाठी?

ऑक्टोबर उजाडला की पुण्यातल्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: रविवारचे २०-२५-३० किलोमीटर काढायचे कुठे? जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी याच तीन महिन्यांत होते. विद्यापीठाच्या आवारात किती फेऱ्या मारणार? हायवेच्या कडेने पळायचं तर पाठीमागून येणाऱ्या डंपरवर भरवसा ठेवावा लागतो. मग कोणीतरी नीरेच्या कालव्याचं नाव काढतं, कोणीतरी मुठ्याच्या, कोणीतरी कृष्णाकाठच्या वाईचं, आणि गोव्याला सुट्टीवर जाणारा एखादा मांडवीतल्या दिवाड बेटाचं. चारही वाटा सुंदर आहेत, पण त्यांचे गुण वेगळे, म्हणून निवड करताना फोटोंवर जाऊ नका.

मुळात कालवा आणि नदी यांच्या कडेने धावण्यात एक मोठा फरक आहे. कालवा उंची सांभाळत जातो. मुख्य कालव्याला किलोमीटरमागे दहा-वीस सेंटिमीटरच उतार असतो, त्यामुळे त्याच्या भरावावरून वीस किलोमीटर धावलात तरी घड्याळातली चढाईची रेघ झोपलेलीच राहते. ओढा आडवा आला तर खाली मोरी असते किंवा कालवा पुलासारखा त्याच्यावरून जातो. रस्त्याला ती सोय नसते. नदीकाठचा गाडीरस्ता दर ओढ्यापाशी खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. म्हणजे एकाच लयीत, ठरलेल्या पेसने पाय चालवायचे असतील तर कालवा. मांड्यांना काम द्यायचं असेल तर नदीकाठ. बाकी सगळं याच्या नंतर.

कालव्यांमध्ये माझं पहिलं मत नीरा डाव्या कालव्याला. वीरच्या धरणापासून निघून तो नीरा, निंबूत, सोमेश्वरनगर करत बारामतीकडे आणि पुढे इंदापुरात जातो. १८८० च्या दशकातला कालवा आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर पाणीवाटपाची जी ब्लॉक पद्धत आणली तिच्या इतिहासात नीरेचं नाव येतंच. पण धावणाऱ्याला त्याच्या वयाचा फायदा वेगळाच मिळतो. जुन्या, मातीच्या काठांवर बाभळी, करंज, चिंचा चांगल्या वाढल्यात. भरावावरचा रस्ता मुरुमाचा, दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. मधल्या गवतावरून धावलात तर गुडघे दुवा देतील, पण तिथे दव असतं आणि दोन-तीन किलोमीटरमध्ये मोजे ओले होतात. चाकोरीतून धावायचं तर खडी बघत धावावं लागतं. मी चाकोरीच पत्करतो.

आणखी एक गोष्ट इथे पहिल्यांदा येणाऱ्याला हमखास अडखळवते. कालव्यातून पाणी उचलणाऱ्या मोटारींचे पाइप भरावाच्या रस्त्याखालून आडवे शेतात जातात. ते पुरलेले असतात, पण वरची माती पावसात वाहून गेली की काळ्या पाइपाची पाठ चार बोटं वर येते. पाचरटात, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यात, पहाटेच्या अर्धवट उजेडात ती दिसतच नाही. पाऊल जरा उचलून टाकण्याची सवय पहिल्या दोन किलोमीटरमध्येच लावून घ्या. दमल्यावर पाय जमिनीलगत घासत जातात आणि नेमका तेव्हाच पाइप येतो.

पाणी आहे की नाही, यावर इथला सगळा अनुभव फिरतो. कालव्याला बारा महिने पाणी नसतं; ते आवर्तनाने सुटतं. रब्बीचा हंगाम १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी १ मार्च ते ३० जून. त्या-त्या हंगामात ठरावीक आवर्तनं होतात आणि मधल्या काळात कालवा कोरडा. आवर्तन चालू असेल तर एप्रिलमध्येसुद्धा काठावरची हवा शेजारच्या डांबरी रस्त्यापेक्षा जाणवण्याइतकी थंड असते, खंड्या आणि बगळे सोबतीला असतात. कोरड्या आठवड्यात त्याच जागी गाळाचा वास आणि गावाजवळच्या पुलाखाली साचलेलं प्लास्टिक. तेव्हा निघण्याआधी तिकडच्या कुणाला तरी फोन करून 'पाणी सुटलंय का' एवढं विचारा. ओळख नसेल तर नीरेच्या स्टँडजवळ चहा घेताना विचारा. तिथे दर तिसऱ्या माणसाचं शेत भिजवणं त्या पाण्यावर अडलेलं असतं, उत्तर बिनचूक मिळतं.

उसाचा हिशेबही धरायला हवा. ऑक्टोबरमध्ये दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस उभा असतो. दिसायला देखणा, पण वारा बंद. नोव्हेंबरपासून तोड सुरू झाली की रान मोकळं होत जातं, पण सोमेश्वर आणि माळेगाव या दोन कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या सुरू होतात. भरावावर त्या कमी येतात. पुलापाशी मात्र रस्ता ओलांडताना थांबायलाच हवं, कारण लांबलचक ट्रॉलीला ब्रेक हा प्रकार फारसा ठाऊक नसतो. मळीचा वास येऊ लागला की कारखाना जवळ आला असं समजा. काहींना तो सहन होत नाही. तसं असेल तर निंबूतच्या अलीकडेच वळा.

दिशेचं सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. नीरा डावा आणि मुठा उजवा, दोन्ही कालवे ढोबळमानाने पूर्वेकडे जातात. पाण्याच्या दिशेने सकाळी धावलात तर ऊन सरळ डोळ्यांत. एकाच दिशेने धावायची सोय असेल तर पूर्वेच्या टोकाला जा आणि पश्चिमेकडे, पाण्याच्या उलट धावत या. उतार इतका किरकोळ आहे की उलट-सुलट पायाला कळतही नाही.

ही एकेरी सोय मुठा उजव्या कालव्यावर सगळ्यात चांगली जमते, आणि गाडी नसलेल्यांना मी डोळे मिटून तोच सुचवतो. खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या उजव्या कालव्याने पुण्याच्या पूर्वेचा दुष्काळी पट्टा बागायती केला. हडपसर-फुरसुंगीपर्यंतचा भाग आता शहरच आहे, तिकडे धावायला जाऊ नका. लोणी काळभोरच्या पुढे मात्र शेती, रोपवाटिका, फुलांचे मळे सुरू होतात. दौंडकडे जाणारी लोकल पकडायची, उरुळीला किंवा पुढे यवतला उतरायचं, आणि कालव्याने लोणीपर्यंत धावत येऊन परतीची गाडी धरायची. उरुळी ते लोणी सरळ रस्त्याने बारा किलोमीटरच्या आसपास पडतं. कालवा वळणं घेत जातो, त्यामुळे अंतर वाढतं आणि त्याची तक्रार कोण करणार! रविवारचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा. गाडी हुकली तर सोलापूर हायवेवरून पीएमपीची बस मिळते.

या पट्ट्यात एक जाणून घेण्यासारखी गोष्ट आहे. इथे कालवे दोन आहेत: एक मुख्य उजवा कालवा आणि दुसरा जुना, ज्याला सगळे बेबी कालवा म्हणतात. शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मुंढव्याहून उचलून या बेबी कालव्यात सोडतात. शेतीला ते पाणी लागतंच, पण कडेने दोन तास खोल श्वास घ्यायला ती जागा नव्हे. नकाशावर दोन्ही निळ्या रेघा सारख्याच दिसतात. पाण्यावर फेस दिसला की तुम्ही चुकीच्या काठावर आहात. नीरेच्या तुलनेत मुठ्याची वाट सावलीला कमी आहे, वस्त्या जास्त, कुत्री त्याहून जास्त. कुत्र्यांसमोर धावणं थांबवून चालत जायचं, एवढाच इलाज.

दोन्ही कालव्यांवर काही नियम पाळावेच लागतात. भरावाचा रस्ता जलसंपदा विभागाचा आहे, कालव्याच्या देखभालीसाठी केलेला. कुठे गेट बंद असेल तर उडी मारून जायचा हट्ट नको, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला किंवा चौकीदाराला विचारा. ज्या भागात काँक्रीटचं अस्तर आहे तिथे पाण्यापासून चार हात लांब धावा. पाणी संथ दिसतं, पण शेवाळलेल्या तिरक्या अस्तरावरून आत गेलेल्या माणसाला वर यायला हाताला काही लागत नाही. पट्टीचे पोहणारेही तिथे फसतात. चेहऱ्यावर पाणी मारायला वाकायचं असेल तर पायऱ्या शोधा, अस्तरावर उतरू नका. आणि अंधारात सुरुवात नको. उसाच्या पट्ट्यात बिबट्या आता नवलाईचा राहिलेला नाही, घोणस तर पूर्वीपासूनची शेजारीण. पूर्ण उजाडल्यावर, शक्यतो दोघं-तिघं मिळून निघा. हेडफोन तर इथे नकोतच.

आता नदी. वाई पुण्याहून दोन तासांवर, आणि देखणेपणात इतर तिन्ही वाटा तिच्यापुढे फिक्या. गणपती घाटावरून सुरुवात करा. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं, सरदार रास्त्यांनी बांधलेलं. त्याच्या मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केलेली आहे, म्हणजे पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फाकतं. स्ट्रेचिंग करता करता मागे जाऊन ती बघून घ्या. तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट. घाटावरच्या देवळातली मोठी घंटा वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आलेली, असं सांगतात. वाईपासून धोम, म्हणजे धरणाचं गाव, आठेक किलोमीटर. जाऊन-येऊन सोळा झाले, मेणवलीच्या घाटावर उतरून वर आलात तर थोडे अधिक.

पण हा लाँग रनचा रस्ता आहे का? मला विचाराल तर निम्मा. मेणवलीपर्यंत गल्ल्या आणि वस्ती, पुढे अरुंद डांबरी रस्ता, आणि नऊ वाजल्यानंतर धोमकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या. चढउतार सतत. ठरलेला पेस धरायचा म्हणाल तर चिडचिड होईल. याउलट सातारा हिल मॅरेथॉनसारख्या चढाच्या शर्यतीची तयारी करत असाल तर वाई कालव्यापेक्षा कितीतरी सरस. धोमच्या वर जलाशयाच्या कडेने जोर-बलकवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर चढ भरपूर, माणसं मोजकी आणि एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर. तिकडे दुकानं फार कमी लागतात, तेव्हा वाईतूनच पाणी आणि गूळ-शेंगदाणे बरोबर घ्या. सपाट कालव्यावर तीन महिने धावलेल्या माणसाची मुंबईच्या पेडर रोडच्या चढावर जी गत होते, ती टाळायलाही महिन्यातून एक रविवार वाईला दिलेला बरा.

हंगामाचं गणित इथे कालव्याच्या उलट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कालव्याच्या भरावाला हात लावू नये. काळ्या मातीचा पट्टा आला की प्रत्येक बुटाला पावपाव किलो चिखल चिकटतो आणि भरावाची कड कधी सुटेल सांगता येत नाही. वाईचा डांबरी रस्ता तेव्हाच बहरात असतो. फक्त धरणातून विसर्ग वाढला असेल तर घाटांच्या वाटेला जाऊ नका, रस्त्यावरच राहा. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव असतो, तेव्हा घाटांवर मांडव आणि गर्दी. त्याच सुमारास हळद शिजवण्याचं काम चालू असतं आणि रस्त्याकडेच्या कढयांचा तो ओलसर, मातकट वास दूरवर पुरतो. मळीच्या वासाशी त्याची तुलना करायला नको.

नृसिंहवाडी-कुरुंदवाड भागातला कृष्णाकाठ बरेच जण सुचवतात. सपाट आहे, खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर वाटेवर घेता येतं. पण सगळी काळी पूरजमीन, झाड कमी, त्यामुळे हिवाळ्यापलीकडे नको. कोल्हापूर-सांगलीकरांसाठी ठीक, पुण्याहून मुद्दाम जाण्याइतकं नाही.

दिवाड मात्र गोव्याला जाणाऱ्याने चुकवू नये. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट निघते, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे उतरलात की पिएदादपर्यंत खाजण शेतांमधून सरळ, सपाट रस्ता. भरतीचं खारं पाणी अडवणारे बांद आणि पाणी आत-बाहेर सोडणारी मानस बघत जाता येतं. पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे. तेवढा एक चढ, नाहीतर बेट सपाट. पुढे नार्व्याच्या धक्क्यावरून दुसरी फेरी पकडली की पलीकडे डिचोलीच्या बाजूला सप्तकोटेश्वराचं देऊळ लागतं, ज्याचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. अंतर फार होत नाही, दहा-पंधरा किलोमीटरच्या वर जायचं तर त्याच वाटांवर फिरून यावं लागतं. शिवाय मांडवीची दमट हवा: पुण्याच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे अर्धा मिनिट जास्त लागेल असं आधीच धरून चला आणि मिठाची गोळी खिशात ठेवा.

पणजी-रायबंदरचा १६३० च्या दशकातला बांध-रस्ता, पोंत द लिन्यारेश, हाही धावायला छान आहे, एका बाजूला मिठागरं आणि दुसरीकडे मांडवी. लांबी तीन किलोमीटरच्या थोडी वर आणि सात वाजल्यापासून ऑफिसची रहदारी. मुक्काम पणजीत असेल आणि फेरीपर्यंत जायचा कंटाळा असेल तरच.

तेव्हा जानेवारीची मॅरेथॉन आणि हाताशी गाडी असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरचे रविवार नीरेला द्या, मधला एखादा वाईला. गाडी नसेल तर उरुळी. पहिलीच हाफ मॅरेथॉन असेल आणि २१ किलोमीटर पार पडतील की नाही अशी धाकधूक असेल, तर तेही मुठ्यावरच काढा. बाराव्या किलोमीटरला पाय बोलले तर हायवे जवळ आहे. नीरेच्या भरावावर पुढच्या पुलापर्यंत चालतच जावं लागतं.